पुढील यंत्र कोणते? संगणकांच्या क्रमाविषयी अनुमानाचा एक पाठ

कापसाची वेचणी आटोपून पिकाचे पैसे हाती आले, म्हणजे फुलसावंगीसारख्या गावी घरोघर खर्चाचा विचार सुरू होतो. बियाण्याची उधारी, घराची डागडुजी, मुलीचे लग्न, या जुन्या खर्चांच्या यादीत अलीकडे एका नव्या खर्चाची भर पडली आहे. मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घ्यावयाचा, आणि तो कोणता व केव्हा घ्यावयाचा, हा तो प्रश्न होय. पुसदच्या किंवा यवतमाळच्या दुकानी चौकशीस गेलेल्या पालकांस कोणी तरी हटकून सांगतो, "थोडे थांबा, तीन महिन्यांत नवे मॉडेल येणार आहे." मधल्या सुटीत विद्यार्थ्यांमध्येही हाच वाद रंगतो. अमुक कंपनीचे पुढील यंत्र आधी येईल की तमुक कंपनीचे, लहान आधी येईल की मोठे, याविषयी प्रत्येकाचे मत ठाम असते. त्या मताचे कारण मात्र क्वचितच कोणाजवळ असते.

हा वाद निरर्थक आहे असे आम्हांस वाटत नाही. जे अजून घडले नाही त्याविषयी, जे घडून गेले त्याच्या आधारे, विचारपूर्वक बोलणे हा बुद्धीचा उत्तम व्यायाम आहे. मात्र त्यास काही नियम हवेत. ते नियम कोणते, आणि कोणत्या खुणेवर किती भरवसा ठेवावा, हे या पाठात उदाहरणांनी समजावून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या शेतातीलच एक गोष्ट घ्या. रोहिणीनंतर मृग, मृगानंतर आर्द्रा, आर्द्रेनंतर पुनर्वसू हा क्रम लहान मुलासही पाठ असतो व तो कधी चुकत नाही. पण मृग लागला म्हणून पाऊस लागलाच असे नाही. नक्षत्राचे नाव हे पंचांगाचे काम, आणि पाऊस हे ढगांचे, वाऱ्याचे व समुद्राचे काम. जो शेतकरी केवळ नक्षत्राचे नाव पाहून धूळपेरणी करितो, त्यास पुष्कळदा दुबार पेरणी करावी लागते; जो आभाळ, वारा व जमिनीतील ओल पाहतो, तो कमी फसतो. संगणकांच्या नावांचा व प्रत्यक्ष संगणकांचा संबंध असाच आहे. नावांचा क्रम एक असतो, यंत्रांचा दुसरा.

आपल्याकडील न्यायशास्त्रात अनुमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. येथे धूर हा हेतू, म्हणजे कारण दाखविणारी खूण. आणि जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा धूर व अग्नी यांचा नित्य संबंध. हा संबंध पक्का असेल तरच अनुमान पक्के. ज्यास आपण धूर समजलो ते धुके असेल, तर सारे अनुमान कोसळते. तेव्हा पुढील संगणकाविषयी कोणी काही सांगितले, की विद्यार्थ्याने पहिला प्रश्न हा विचारावा: "तुझा हेतू कोणता? तो धूर आहे की धुके?"

सर्वांत अधिक लोक ज्या खुणेवर विसंबतात ती म्हणजे नाव व क्रमांक. सातानंतर आठ, आठानंतर नऊ, हे गणित सोपे आहे. परंतु कारखाने या गणिताने बांधलेले नाहीत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००९ साली विंडोज ७ काढले, २०१२ साली विंडोज ८ काढले आणि २०१५ साली एकदम विंडोज १० काढले; विंडोज ९ जन्मासच आले नाही. ॲपल कंपनीने २०१७ च्या सप्टेंबरात आयफोन ८ व आयफोन एक्स, म्हणजे रोमन दहा, एकाच दिवशी दाखविले. मधला नऊ गळाला. इंग्लंडातील रास्पबेरी पाय या लहानशा व स्वस्त संगणकाचे 'बी' मॉडेल २०१२ साली विक्रीस आले, आणि 'ए' मॉडेल त्यानंतर एक वर्षाने, २०१३ साली आले. ज्याने वर्णमालेवर भिस्त ठेविली असती, तो 'ए'ची वाट पाहत बसला असता!

क्रमांक मोठा म्हणजे यंत्र थोर, हेही खरे नाही. इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ हा प्रोसेसर काढला व पुढील वर्षी ८०८८ काढला. नंतर आलेल्या, मोठ्या क्रमांकाच्या ८०८८ ची बाहेरील जगाशी देवघेव करण्याची वाट मात्र आठच बिटांची, म्हणजे आधीच्याच्या निम्मी होती. असे करण्याने त्यासोबतचे इतर सुटे भाग स्वस्त पडत, हे त्याचे कारण. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपल्या पहिल्या वैयक्तिक संगणकात हाच ८०८८ बसविला. पुढे २८६, ३८६, ४८६ असे क्रमांक ओळीने आले, तेव्हा सर्वांनी ५८६ अपेक्षिला. १९९३ साली आला तो पेंटियम. नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही, आणि प्रतिस्पर्धी तेच आकडे वापरू लागले, म्हणून इंटेलने आकडा सोडून नाव धरिले. नाव बदलण्याचे कारण यंत्रात नव्हते. ते कायद्यात व बाजारात होते.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणाकडे वळू. ते असे आहे की, अनुमानाचे बल व दौर्बल्य ही दोन्ही त्यात एकत्र दिसतात.

१९८० नंतरच्या दशकात हिंदुस्थानास महासंगणक हवा होता. हवामानाचे अंदाज, विमानांची रचना, तेलाच्या साठ्यांचा शोध अशा कामी लागणारे प्रचंड गणित साध्या संगणकांस पेलत नव्हते. अमेरिकेतील क्रे कंपनीचे यंत्र विकत घेण्याचा प्रयत्न झाला. परंतु अमेरिकी सरकारने पुष्कळ अटी घातल्या, व अखेर जे यंत्र मिळाले ते केवळ हवामानाच्या कामापुरते मिळाले. तेव्हा आपणच महासंगणक बांधावा, असे ठरून १९८८ साली पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांजकडे आली. त्यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी झाला व अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरास झाले. आपल्या वऱ्हाडातील एका खेड्यात जन्मलेल्या मुलाने पुढे हे कार्य उभे केले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी मनात ठेवावी.

सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. संस्कृतात 'परम' म्हणजे सर्वश्रेष्ठ. आणि इंग्रजीतील 'समांतर यंत्र' या अर्थाच्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडली तरी हाच शब्द होतो. त्याची युक्ती सोपी होती. एक अतिबलवान बैल मिळत नसेल, तर पुष्कळ साधे बैल एका नांगरास जुंपावे, त्याप्रमाणे एकच महाग प्रोसेसर न घेता अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांजकडून एकाच वेळी काम करून घ्यावयाचे. यानंतर १९९२ साली परम ८६००, १९९४ साली परम ९०००, आणि १९९८ साली परम १०००० अशी यंत्रे आली.

समजा, १९९८ साली एखाद्या चतुर विद्यार्थ्यास आपण विचारले असते, "यापुढील परमचे नाव काय?" तो म्हणाला असता, "परम ११०००, किंवा फार तर १२०००." प्रत्यक्षात २००२-०३ मध्ये जे यंत्र आले त्याचे नाव 'परम पद्म'. आकडा गेला व कमळ आले! त्यानंतर २००८ साली 'परम युवा'. आता दर वेळी नवे नाव येणार असे वाटावे, तर २०१३ साली आले ते 'परम युवा २'. आकडा परत आला. पुढे राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ साली सुरू झाले. २०१९ साली काशीच्या आय.आय.टी.त 'परम शिवाय' उभा राहिला, २०२० साली 'परम सिद्धी-एआय', २०२२ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'परम प्रवेग', आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुणे, दिल्ली व कलकत्ता येथे 'परम रुद्र' ही तीन यंत्रे राष्ट्रास अर्पण झाली. या नावांचा क्रम कोणत्याही गणिताने आधी सांगता आला नसता.

पण येथेच थांबून 'अनुमान व्यर्थ आहे' असे म्हणणे घाईचे होईल. नाव सोडून वेगाकडे पाहा. महासंगणकाचा वेग एका सेकंदात दशांश अपूर्णांकांची किती गणिते होतात यावर मोजतात. शंभर कोटी गणितांस एक गिगाफ्लॉप म्हणतात, व त्याच्या हजारपटीस एक टेराफ्लॉप. परम ८००० चा वेग सुमारे १ गिगाफ्लॉप होता. परम पद्मचा सुमारे १ टेराफ्लॉप. म्हणजे साडेअकरा वर्षांच्या सुमारास वेग हजारपट झाला. आता दोनाची दहावी घात १०२४ होते, म्हणजे हजारपट होणे हे दहा वेळा दुप्पट होण्यासारखे आहे. साडेअकरा वर्षांचे महिने १३८. त्यांस दहाने भागिले, तर दर १४ महिन्यांनी वेग दुप्पट, असा नियम निघतो.

हा नियम हाती घेऊन पुढे पाहू. पद्मपासून युवापर्यंत पावणेसहा वर्षे, म्हणजे सुमारे ६९ महिने गेले. त्यांत चौदा पाचच्या जवळपास वेळा जातो. पाच वेळा दुप्पट म्हणजे ३२ पट. तेव्हा पुढील यंत्राचा वेग सुमारे ३२ टेराफ्लॉप्स असावा, असे अनुमान निघाले असते. प्रत्यक्षात परम युवाचा कमाल वेग ५४ टेराफ्लॉप्स निघाला. अनुमान तंतोतंत नव्हे. पण ते ३ किंवा ३०० नव्हते, योग्य वाटेवर होते. पुन्हा पुढे चला. नोव्हेंबर २००८ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत ५१ महिने. त्यांत चौदा तीनांहून अधिक व चारांहून कमी वेळा जातो. म्हणजे वेग ८ पट व १६ पट यांच्यामध्ये, अर्थात ४३२ व ८६४ टेराफ्लॉप्स यांच्यामध्ये असावा. परम युवा २ चा कमाल वेग ५२४ टेराफ्लॉप्स होता. नावाचा ठाव एकदाही लागला नाही, पण वेगाचा मात्र दोन्ही वेळा बहुतांशी लागला! या पाठाचे सार यातच आहे. जे मनुष्याच्या इच्छेवर अवलंबून आहे ते सांगणे कठीण; जे कामाच्या व साधनांच्या वाढीवर अवलंबून आहे ते पुष्कळ अंशी सांगता येते.

वेग असा नियमाने का वाढला? परमच्या पोटात काय होते ते पाहा. ८००० मध्ये इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ८६०० मध्ये इंटेलचा आय८६०. ९००० व १०००० मध्ये स्पार्क जातीचे प्रोसेसर. पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर ४. युवामध्ये इंटेलचा झिऑन. अशा रीतीने प्रत्येक वेळी त्या काळी बाजारात जो चांगला प्रोसेसर मिळे तो घेतला गेला. म्हणून पुढील परम कसा असेल हे पाहावयाचे, तर नावांची यादी पाहून उपयोग नाही. पुढील दोन-तीन वर्षांत कोणते प्रोसेसर तयार होत आहेत ते पाहिले पाहिजे. पिठावरून भाकरीचे अनुमान करावे, ताटावरून नव्हे.

प्रोसेसरांच्या वाढीचाही एक प्रसिद्ध अंदाज आहे. गॉर्डन मूर या अमेरिकी तज्ज्ञाने १९६५ साली असे लिहिले की, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्याने ही मुदत दोन वर्षांची केली. हा काही निसर्गाचा नियम नव्हे. कारखानदारांनी तो ध्येय म्हणून पुढे ठेविला व त्यासाठी झटले, म्हणून तो दीर्घकाल टिकला. इंटेलने तर २००७ च्या सुमारास आपला क्रमच जाहीर केला. घड्याळाच्या 'टिक-टॉक' प्रमाणे एके वर्षी जुनीच रचना अधिक बारीक मापात करावयाची, व पुढील वर्षी त्याच बारीक मापात नवी रचना आणावयाची. काही वर्षे हा ठेका असा चालला की, पुढील प्रोसेसराविषयी अनुमान करणे मुलांचा खेळ झाला. पण १४ नॅनोमीटरनंतर १० नॅनोमीटरचे माप साधेना. २०१६ साली बारीक माप येण्याऐवजी १४ नॅनोमीटरचाच तिसरा वंशज बाजारात आला, आणि कंपनीस टिक-टॉकचा ठेका सोडावा लागला. १० नॅनोमीटरचे प्रोसेसर भरपूर प्रमाणात मिळण्यास २०१९ साल उजाडले. अनेक वर्षे खरा ठरलेला ठेकाही एके दिवशी तुटतो. म्हणून नियम सांगताना 'तो कशावर उभा आहे?' हे विचारणे विसरू नये.

आता लहान-मोठ्याचा प्रश्न. एकाच घराण्यातील लहान चिप आधी येते व मोठी मागाहून, असे पुष्कळदा आढळते. याचे कारण कापसाच्या मुलखातील मुलांस कापडाच्या उदाहरणाने चटकन कळेल. समजा, एका मोठ्या थानावर दहा ठिकाणी तेलाचे डाग पडले आहेत. त्या थानाचे शंभर रुमाल कापिले, तर फार तर दहा रुमाल वाया जातील व निदान नव्वद चांगले निघतील. पण त्याच थानाच्या चारच मोठ्या चादरी कापिल्या, तर बहुधा चारही चादरींवर कोठे ना कोठे डाग येईल व एकही धड निघणार नाही. चिपा सिलिकॉनच्या गोल तबकडीवर अशाच तयार करितात, व तबकडीवर सूक्ष्म दोष राहतातच. नवी पद्धत सुरू होते तेव्हा डाग अधिक असतात; म्हणून आधी रुमाल कापणे परवडते. पुढे हात बसला, डाग कमी झाले, की मग चादरी.

ॲपलच्या चिपा पाहा. एम१ ही लहान चिप नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तिच्याहून मोठ्या एम१ प्रो व एम१ मॅक्स ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि दोन मॅक्स जोडून केलेली एम१ अल्ट्रा मार्च २०२२ मध्ये. पुढच्या पिढीत एम२ जून २०२२ मध्ये, प्रो व मॅक्स जानेवारी २०२३ मध्ये, आणि अल्ट्रा जून २०२३ मध्ये. दोन पिढ्यांचा क्रम एकच, व त्यास कारणही सबळ; तेव्हा तिसऱ्या पिढीविषयी कोणीही तेच सांगितले असते. पण एम३, एम३ प्रो व एम३ मॅक्स या तिन्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी जाहीर झाल्या. मे २०२४ मध्ये चौथ्या पिढीची एम४ आली, तीही संगणकात नव्हे, तर आयपॅडच्या पाटीत. आणि तिसऱ्या पिढीची एम३ अल्ट्रा मार्च २०२५ मध्ये, म्हणजे धाकट्या भावंडांचे लग्न झाल्यावर थोरल्याचे व्हावे तशी आली. यावरून कारण खोटे ठरले काय? नाही. मोठी चिप लहानीच्या आधी आली नाही, हे तिन्ही पिढ्यांत खरेच राहिले. चूक झाली असती ती 'एक पिढी संपल्यावाचून दुसरी सुरू होत नाही' हे न तपासता गृहीत धरण्यात. अनुमान चुकले म्हणजे ते सबंध फेकून न देता, त्यातील कोणता धागा कच्चा होता हे शोधावे.

याखेरीज यंत्राची वेळ ठरविणारी आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे चाचणी. कागदावरील यंत्र व हाती आलेले यंत्र यांच्यामध्ये परीक्षेचा कठीण काळ असतो. तो किती लांबेल, हे करणाऱ्यासही आधी ठाऊक नसते. नवा भाग तापतो, तडकतो, जुन्या भागाशी जुळत नाही. मग पुन्हा मांडणी, पुन्हा परीक्षा. इनमॉसच्या ट्रान्सप्युटराचा पुढील वंशज, टी९०००, १९९१ साली जाहीर झाला. पण तो वेळेवर तयार झाला नाही, ठरल्याइतका वेगवान निघाला नाही, आणि पुढे ते घराणेच खुंटले. आमच्या फुलसावंगीस चाचणीचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात याच गावच्या एका तरुण, अल्पशिक्षित परंतु हुन्नरी कारागिराने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर घडविले व त्याची परीक्षा घेत असता अपघाताने आपले प्राण गमाविले. त्याच्या बुद्धीचे व जिद्दीचे कौतुक सर्वांनी केले. दुःखही सर्वांस झाले. यंत्र बाजारात उशिरा आले म्हणून नावे ठेवणाऱ्या मुलांनी हे ध्यानात धरावे की, त्या विलंबात पुष्कळदा कोणाच्या तरी जिवाची व मालाची काळजी असते. तारीख पाळण्यासाठी चाचणी आखडती घेणे, यासारखा दुसरा धोका नाही.

कंपन्या आपल्या पुढील यंत्राविषयी मौन का पाळितात, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न कंपनीने उचलून नेता येईल असा संगणक काढिला व तो खूप खपला. १९८३ च्या सुमारास कंपनीने पुढील, अधिक चांगल्या यंत्राची वाच्यता आधीच केली. त्यामुळे दुकानदारांनी जुन्या यंत्राची मागणी थांबविली, असे सांगतात. प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रेही त्याच वेळी आली होती. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढिले. तेव्हापासून नवे मॉडेल वेळेआधी जाहीर करणे म्हणजे जुन्याच्या पोटावर पाय देणे, हा धडा व्यापाऱ्यांनी घेतला. यावरून दोन गोष्टी निघतात. कंपनीचे मौन हा नवे यंत्र नसल्याचा पुरावा नव्हे. आणि कंपनीचे बोलणेही शेवटचा शब्द नव्हे. विंडोज १० ही शेवटची आवृत्ती, असे २०१५ साली त्या कंपनीच्याच एका माणसाने म्हटले होते; २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. आज घ्यावा की थांबावे? वर सांगितलेल्या सर्व गोष्टींवरून हे स्पष्ट आहे की, पुढील मॉडेल नेहमीच येणार असते. जो त्यासाठी थांबतो, त्यास ते आल्यावर त्याच्याही पुढील मॉडेलाची बातमी ऐकू येते. मुलाचे दहावीचे वर्ष मात्र एकदाच येते. ते कोणासाठी थांबत नाही. तेव्हा आमच्या मते तीन प्रश्न विचारून निर्णय करावा. पहिला, या यंत्राचे काम आज आहे काय? असेल तर पुढील मॉडेलाच्या वदंतेवर वर्ष घालवू नये. दुसरा, नव्या यंत्राचे आगमन जाहीर झाले आहे, की केवळ ऐकीव आहे? तारखेसह जाहीर झाले असेल व ती तारीख महिना-दोन महिन्यांवर असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. कारण नवे आले की जुन्याची किंमत बहुधा उतरते, व पुष्कळ घरांस जुनेच पुरेसे असते. तिसरा, घेतलेल्या यंत्रास अजून किती वर्षे आधार मिळेल? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, परंतु तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

याचे ताजे उदाहरण पाहा. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ठरावीक मुदतीची वाढीव सुरक्षा-योजना सोडली, तर त्या प्रणालीस नव्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. विंडोज ११ घालावयाचे, तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढ्यांचा प्रोसेसर लागतो. पुष्कळ जुने संगणक या अटीत बसत नाहीत. वापरलेला संगणक स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने ही एक गोष्ट दुकानदाराकडून आधी तपासून घ्यावी. नाही तर स्वस्त ते महाग पडावयाचे. पुढे काय येणार याची चौकशी करणारे शेकडो भेटतात. हाती आहे ते किती टिकणार याची चौकशी करणारा विरळा.

विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. एक लहान वही करा. पुढील यंत्राविषयी जे अनुमान कराल ते तीत आजच्या तारखेसह लिहा. त्याखाली आपला हेतू लिहा, आणि आपणांस किती खात्री वाटते ते शंभरांपैकी गुणांनी नोंदवा. यंत्र आल्यावर ते पान उघडून पाहा. जेथे ऐंशी गुणांची खात्री लिहिली, ती अनुमाने दहांपैकी आठांच्या आसपास खरी ठरली काय? पाचच ठरली असतील तर आपली खात्री फाजील होती. दहाही ठरली असतील तर आपण उगाच भीत होतो. तोंडी केलेले भाकीत मनुष्य आपल्या सोयीने विसरतो किंवा बदलितो. लिहिलेले भाकीत तसे करू देत नाही. हीच सवय पुढे पिकाच्या भावात, पावसाच्या अंदाजात व कोणत्याही व्यवहारात उपयोगी पडते.

सारांश, नावावर व क्रमांकावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा; तारखांच्या ठेक्यावर त्याहून अधिक; आणि यंत्राच्या पोटात जे आहे त्याच्या तयारीवर सर्वांत अधिक. नियम दिसला की त्याचे कारण शोधावे. कारण सापडले की ते किती काळ टिकेल हे विचारावे. असे करणाऱ्याची अनुमाने कधी कधी चुकतील. पण प्रत्येक चुकीतून त्याचे ज्ञान वाढेल, आणि बाजारातील कोणाही बोलघेवड्यास त्याची फसवणूक करिता येणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. परम ८००० पासून परम युवा २ पर्यंतच्या यंत्रांची नावे व साले एका कोष्टकात लिहा. प्रत्येक दोन यंत्रांमध्ये किती वर्षे गेली ते काढा. त्यांत काही ठेका दिसतो काय?

२. दर १४ महिन्यांनी दुप्पट हा नियम पुढेही चालू राहिला असता, तर २०१३ नंतर सात वर्षांनी, म्हणजे २०२० साली, वेग किती असावयास हवा होता? परम सिद्धी-एआयचा मोजलेला वेग सुमारे ४६०० टेराफ्लॉप्स होता. ही संख्या आपल्या उत्तराशी ताडून पाहा, व नियम टिकला की मंदावला ते सांगा.

३. एका थानावर सहा डाग आहेत. त्याचे पन्नास तुकडे केले तर निदान किती तुकडे चांगले निघतील? तीन तुकडे केले तर काय संभवते? दोन्ही उत्तरांचे कारण द्या.

४. आपल्या घरी किंवा शेजारी जो संगणक अथवा फोन असेल, त्याच्या प्रणालीस केव्हापर्यंत आधार आहे याची चौकशी करून चार ओळी लिहा.